रावेरखेडी : पेशव्यांचा निमाडातला मुक्काम

थोरले बाजीराव पेशवे कोठे वारले, असे मराठी माणसाला विचारावे. 'रावेर' हे उत्तर पुष्कळांना येते. पण कोणते रावेर, असा दुसरा प्रश्न केला की घोटाळा होतो. भुसावळहून खंडव्याकडे जाताना जळगाव जिल्ह्यातले केळीच्या बागांचे रावेर लागते, तेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. वास्तविक ते हे रावेर नव्हे. बाजीरावसाहेबांनी देह ठेवला तो नर्मदेच्या दक्षिण काठावरच्या रावेरखेडी या गावी. म्हणजे सातपुडा ओलांडून आणखी उत्तरेला, आजच्या मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यात, निमाडात. तारीख २८ एप्रिल १७४०, तिथी वैशाख शुद्ध त्रयोदशी. वय चाळीसही पुरे नव्हते. चाळिसाव्या वाढदिवसाला अजून चार महिने अवकाश होता.

नावाचा हा घोटाळा वरवर किरकोळ वाटतो. पण त्यामागे एक मोठी गोष्ट दडलेली आहे. आपण मराठ्यांचा इतिहास वाचतो तो बहुधा पुण्याच्या वाड्यात बसून. स्वाऱ्या निघतात पुण्याहून आणि विजयाची पत्रे येतात ती पुण्याला. ज्या मातीवर त्या स्वाऱ्या झाल्या ती माती, तिथली भाषा, तिथली माणसे ही सगळी पुस्तकाच्या समासात राहतात. आपल्यासारख्या दुभाषी जिल्ह्यांतल्या लोकांची घरे नेमकी त्या समासात आहेत. म्हणून रावेरखेडीविषयी आपण लिहिले-वाचले पाहिजे, असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

मी राहतो इंदूरच्या पलासियात. जुने पलासिया आणि नवे पलासिया अशी नावे अजून चालतात, पण एके काळी हे शहराबाहेरचे खेडे होते, यावर आज कोणी विश्वास ठेवणार नाही. मुंबई-आग्रा रस्ता येथूनच जातो. दोन्ही बाजूंना काचेची दुकाने आणि रात्रंदिवस वाहनांची गर्दी. आमच्या या वस्तीत काही हौशी मंडळी आहेत. जुन्या जीपगाड्या दुरुस्त करून त्या नाल्या-ओढ्यांतून, शेतवाटांतून घालायच्या, हा त्यांचा छंद. डांबरी रस्ता दिसला की त्यांचा विरस होतो! घरोघर मराठी, पण मुले आपसांत हिंदीत बोलतात. आणि चाकरीधंद्यामुळे मित्रपरिवारात निमाडी, माळवी, सिंधी असे सारेच. २०१९ च्या जानेवारीत या मंडळींनी मला विचारले, "सर, या वेळी तुम्ही सांगाल तिकडे जाऊ. पण वाट खराब पाहिजे." मी म्हणालो, "रावेरखेडीला जाऊ. पण सनावदच्या सरळ रस्त्याने नको. नर्मदेच्या काठाकाठाने जाऊ."

चार गाड्या निघाल्या. दोन जुन्या महिंद्रा जीप, एक जिप्सी, एक बोलेरो. आणि माणसे अकरा. बरोबर दोर, फावडी, पाण्याचे डबे, दोन जादा टायर. पहाटे पाचला पलासिया सोडले, महू मागे टाकले आणि उजाडता उजाडता जाम दरवाजापाशी येऊन थांबलो.

ज्यांनी हा दरवाजा पाहिला नसेल त्यांनी एकदा अवश्य पाहावा. विंध्याच्या अगदी कडेवर, जेथे माळव्याचे पठार संपते, तेथे १७९१ साली अहिल्याबाईंनी हा दगडी दरवाजा बांधविला. महेश्वराहून माळव्यात चढणाऱ्या वाटेवरचे हे नाके. दरवाजातून खाली पाहिले की डोंगर एकदम तुटतो आणि धुक्यात निमाड पसरलेले दिसते. पलीकडे नर्मदा, त्याहीपलीकडे सातपुडा. माळवा म्हणजे हिंदुस्थानचे अंगण आणि निमाड म्हणजे त्या अंगणाला चढायची पायरी, हे नकाशावर जेवढे कळत नाही तेवढे येथे उभे राहिल्यावर कळते. दक्षिणेकडून येणाऱ्या फौजेला आधी सातपुडा, मग नर्मदा आणि मग हा विंध्याचा घाट, असे तीन उंबरठे ओलांडावे लागत. १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजी आप्पांनी नर्मदा उतरून मांडवच्या बाजूने घाट चढला आणि २९ नोव्हेंबरला अमझेऱ्याच्या लढाईत माळव्याचा सुभेदार गिरिधर बहादूर व त्याचा भाऊबंद दया बहादूर या दोघांनाही गारद केले. त्या एका दिवसाने माळव्याची दारे मराठ्यांना उघडली. पुढे होळकर इंदुरास, शिंदे उज्जैनला, पवार धार-देवासला स्थिरावले. पलासियातल्या आमच्या मराठी घरांची मुळे अखेर त्या नोव्हेंबरापर्यंत जाऊन पोचतात.

घाट उतरून मंडलेश्वराकडे आलो, पुलावरून नर्मदा ओलांडली आणि कसरावदच्या बाजूने पूर्वेकडे वळलो. येथून पुढे चाळीसेक किलोमीटर आम्ही शक्य तेवढी डांबरी सडक टाळली. नदीकाठची बैलगाडीची वाट धरली. वाट म्हणजे दोन चाकोऱ्या. त्या कधी कपाशीच्या शेतातून जातात, कधी मिरचीच्या वाफ्यांना वळसा घालतात, आणि मध्येच एखाद्या नाल्यात दिसेनाशा होतात. सातपुड्यावरून नर्मदेकडे धावणारे हे नाले उन्हाळ्या-हिवाळ्यात कोरडे, पण काठ सरळ तुटलेले, दोन-दोन पुरुष खोल. गाडी उतरवायची, तळाच्या वाळूतून काढायची आणि समोरच्या काठावर चढवायची. एका नाल्यात बोलेरो पोटावर बसली. दोन जीपा पुढे जोडून, दोर लावून, फावड्याने काठ तासून ती बाहेर काढायला सव्वा तास लागला. चाळीस किलोमीटरला आम्हांला पाच तासांहून अधिक लागले. गाड्यांत मिळून दोन-तीनशे घोड्यांचे बळ असेल, पण वेग बैलगाडीचा!

माझ्या मनात मात्र तेव्हा निराळेच गणित चालले होते. बाजीरावाच्या फौजेचा वेग आपण पोवाड्यात ऐकतो तो 'वाऱ्यासारखा', 'विजेसारखा'. उपमा गोड आहेत, पण त्यांनी काही समजत नाही. समजते ते नाल्यात अडकल्यावर. तोफखाना, तंबू, बाजारबुणगे, जनाना घेऊन चालणाऱ्या फौजेला असा प्रत्येक नाला म्हणजे अर्ध्या दिवसाची खोटी. बाजीरावाने ते सारे मागे ठेवले. स्वार, घोडा, भाला, खोगिराला बांधलेले चार दिवसांचे धान्य, एवढ्यावर चाळीस-पन्नास किलोमीटरची मजल मारायची आणि शत्रूला त्याच्याच ओझ्याखाली दमवायचे, ही त्याची रीत. १७२७-२८ च्या मोहिमेत निजामाला त्याने असेच औरंगाबाद, जालना, खानदेश, गुजरात असे फिरविले आणि अखेर पालखेडजवळ त्याचे पाणी तोडून २८ फेब्रुवारी १७२८ ला गुडघ्यावर आणले. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी यांनी १९६८ साली लिहिलेल्या युद्धाच्या इतिहासात या मोहिमेची विशेष वाखाणणी केली आहे.

परंतु त्या वेगाला एक बेडीही होती आणि ती म्हणजे पाणी. एका घोड्याला दिवसाकाठी तीस-चाळीस लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. दहा हजार घोडी धरा. दिवसाला तीन-चार लाख लिटर झाले. विहिरींनी ही तहान भागत नाही. म्हणजे फाल्गुन-चैत्रापासून पुढे मोठ्या फौजेला मोठ्या नदीवाचून मुक्कामच करता येत नाही. एप्रिलअखेरचे निमाड म्हणजे तापलेला तवा; पारा चाळिशीच्या वर सहज जातो. अशा दिवसांत बाजीरावाची छावणी नर्मदेला लागून पडली होती, यात योगायोग काही नाही. शत्रूचे पाणी तोडून जिंकणाऱ्या सेनापतीला स्वतःच्या फौजेचे पाणी कसे सांभाळायचे, हे पक्के ठाऊक होते.

पण मुळात तो येथे आला कशाला? हा प्रश्न आमच्या गाडीतल्या तरुणांनीही विचारला. त्यांना बाजीराव ठाऊक होता तो २०१५ च्या डिसेंबरात आलेल्या चित्रपटातला. त्यांच्या समजुतीने तो विरहाने झुरत झुरत नदीकाठी येऊन पडला. मस्तानी त्या वेळी पुण्याकडे नजरकैदेत होती आणि राऊंचे मन त्यामुळे विटलेले होते, हे खरेच. चिमाजी आप्पांनाही त्याची काळजी लागली होती. पण फौज घेऊन निमाडात येण्याचे कारण घरातले नव्हते. ते राज्यकारभारातले होते.

१७३९ साली नादिरशहाने दिल्ली लुटली. निजामुल्मुल्क त्या वेळी दिल्लीत गुंतलेला होता आणि दक्षिणेचा कारभार त्याचा मुलगा नासिरजंग पाहत होता. १७४० च्या आरंभी बाजीराव आणि चिमाजी आप्पा या दोघांनी औरंगाबादच्या आसपास, गोदेच्या खोऱ्यात नासिरजंगावर चाल केली. लढाया झाल्या, दोन्ही बाजू थकल्या आणि २७ फेब्रुवारी १७४० ला मुंगी-पैठणजवळ तह झाला. बारा वर्षांपूर्वी, पालखेडनंतरचा निजामाशी झालेला तहही मुंगी-शेवगावचाच, म्हणजे त्याच परिसरातला. या नव्या तहात नासिरजंगाने बाजीरावाला नर्मदेकाठच्या दोन सरकारा जहागीर म्हणून दिल्या: हांडिया आणि खरगोन. तह झाल्यावर भाऊ दोन दिशांना गेले. चिमाजी आप्पा नानासाहेबांना घेऊन कोकणात, आंग्ऱ्यांचा भाऊबंदकीचा तंटा मिटवायला कुलाब्याकडे गेले. आणि बाजीराव उत्तरेला, मिळालेल्या मुलखाचा ताबा घ्यायला निघाले. म्हणजे ज्या खरगोन सरकारात त्यांनी देह ठेवला, ती दोन महिन्यांपूर्वीच त्यांची स्वतःची झाली होती. परक्या मुलखात आडवाटेला आलेले ते मरण नव्हते. आपल्याच नव्या जहागिरीत, पहिल्याच मुक्कामात आलेले ते मरण होते. ज्वर आला, चारसहा दिवसांत वाढला आणि सारे संपले. काशीबाई जवळ होत्या. आई राधाबाई, भाऊ आणि थोरला मुलगा दूर होते. चिमाजी आप्पाही त्या वर्षाच्या डिसेंबरातच गेले.

दुपार कलताना आम्ही नदीकाठी एका झाडाखाली जेवणाला थांबलो. समोरून परिक्रमावासी येत होते. नर्मदा उजव्या हाताला ठेवून चालायचे हा परिक्रमेचा नियम. त्यामुळे दक्षिण काठावर ते ओंकारेश्वराहून पश्चिमेकडे निघालेले, आणि आम्ही पूर्वेकडे. त्यांत नाशिक-नगरकडची तीन-चार माणसे निघाली. शेजारच्या शेतातल्या बाईने ज्वारीच्या भाकरी आणि 'अमाडी'ची भाजी आणून दिली. आपली अंबाडी ती हीच. निमाडी बोलीत असे शेकडो शब्द आहेत, जे मराठी कानाला आधी परके आणि मग एकदम घरचे वाटतात.

येथेच आमच्यातल्या एका तरुणाने मला तो प्रश्न विचारला, ज्यासाठी खरे तर हा लेख लिहावासा वाटला. तो मूळचा सनावदकडचा, घर निमाडी, पण पलासियात वाढलेला. म्हणाला, "सर, बुरा मत मानना, एक बात पूछूँ? ये लोग यहाँ देने आए थे या लेने?"

प्रश्न अडचणीचा होता, पण अप्रामाणिक नव्हता. अशा प्रश्नाला शाळेतल्या ठरीव उत्तराने वाटेला लावणे मला योग्य वाटले नाही. मी त्याला जे सांगितले ते थोडक्यात येथे देतो.

घ्यायलाच आले होते, हे आधी मान्य केले पाहिजे. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, आणि सरदेशमुखी म्हणजे त्यावर आणखी दहावा. हा पैसा अखेर रयतेच्याच मोटेतून यायचा. सत्ता बदलत असते त्या दिवसांत एकाच गावाकडे मोगल आमिलही येतो आणि मराठ्यांचा कमाविसदारही येतो. दोघांनाही धान्य पाहिजे, दोघांच्याही घोड्यांना चारा पाहिजे. फौज जेथून जाते तेथले उभे पीक उरत नाही, मग ती फौज कोणाचीही असो. नाल्यात आमची एक गाडी अडकली तर काठ तासताना एका शेतकऱ्याचा बांध थोडा ढासळला. तो आम्ही पुन्हा रचून दिला. दहा हजार घोड्यांनी मोडलेले बांध कोण रचणार?

पण गोष्ट तेथे संपत नाही. जो मुलूख एकदा आपला झाला तो लुटून चालत नाही, तो वसवावा लागतो. माळव्या-निमाडात हे वसविण्याचे काम पुढच्या पिढीत झाले. १७६७ ते १७९५ या अहिल्याबाईंच्या कारकिर्दीत महेश्वर ही राजधानी झाली, घाट बांधले गेले, विणकर आणून बसविले गेले, वाटा सुरक्षित झाल्या. सकाळी पाहिलेला जाम दरवाजा ही त्याच कारभाराची खूण. पुढे बाईंच्या पश्चात पुन्हा दैना आली. शिंदे-होळकरांची आपसांतली युद्धे आणि पेंढाऱ्यांची धाड यांनी निमाड ओसाड झाले. १८१८ नंतर या भागाचा कारभार पाहणाऱ्या सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. त्यात ही ओसाडीही नोंदलेली आहे आणि अहिल्याबाईंच्या राज्याची मनमोकळी स्तुतीही आहे. दोन्ही मराठेच! तेव्हा देणे-घेणे यांचा हिशेब एका ओळीत मांडता येत नाही. ज्या वर्षी, ज्या गावी, ज्या सरदाराच्या हाताखाली आपण उभे असू, तसा तो बदलतो. त्या तरुणाने हे सारे ऐकून घेतले. त्याचे समाधान झाले की नाही, हे त्याने सांगितले नाही. मीही विचारले नाही. काही प्रश्न सुटण्यापेक्षा नीट विचारले जाणेच महत्त्वाचे असते.

उन्हे उतरताना रावेरखेडी आले. गाव लहान. गावाबाहेर, नदीच्या बाजूला समाधीचे आवार आहे. सभोवती दगडी धर्मशाळा, तिच्या ओवऱ्या, आणि मध्यभागी समाधी. नानासाहेब पेशव्यांच्या आज्ञेवरून राणोजी शिंद्यांनी ती बांधविली. आवारात नीलकंठेश्वर आणि रामेश्वर अशी दोन देवळे. शिल्पाचा थाट नाही, नक्षीकाम बेताचेच. शिंद्यांच्या छत्र्यांचे वैभव ज्यांनी ग्वाल्हेरीस पाहिले आहे, त्यांना हे अगदी साधे वाटेल. आम्ही गेलो त्या दिवशी काही ओवऱ्यांचे दगड निखळलेले होते, सांध्यांतून गवत उगवलेले होते. पण समाधीपुढची जागा मात्र झाडून स्वच्छ होती आणि कोणीतरी झेंडूची ताजी फुले वाहिली होती.

फुले कोणी वाहिली, म्हणून मी तेथे बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला विचारले. तो म्हणाला, "गाँव का कोई भी चढ़ा जाता है।" मी विचारले, "तुम्हांला हे कोण ते ठाऊक आहे?" त्याने माझ्याकडे जरा नवलानेच पाहिले आणि म्हणाला, "पेशवा हैं। हमारे गाँव के हैं।"

पुण्याचे नाही, मराठ्यांचे नाही. 'हमारे गाँव के'. आमचा सनावदकडचा तरुण शेजारीच उभा होता. दुपारच्या त्याच्या प्रश्नाला येथे एक वेगळेच उत्तर मिळाले, आणि ते माझ्या तोंडून आले नाही हे बरे झाले. ज्या मातीने कर भरला तीच माती समाधीला फुले वाहते आहे. इतिहासात अशा विसंगती असतात आणि त्या सोडवायच्या नसतात. समजून घ्यायच्या असतात.

त्या वृद्धाच्या बोलण्यात एक काळजीही होती. मंडलेश्वराजवळ बांधलेल्या महेश्वर जलविद्युत प्रकल्पाचे पाणी भरले तर हा काठ बुडेल, ही ती काळजी. ४०० मेगावॉटचा हा प्रकल्प आणि त्याच्या बुडितात येणारी ६१ गावे यांवरून १९९८ च्या जानेवारीत हजारो निमाडी शेतकऱ्यांनी धरणाची जागा ताब्यात घेतली होती. बाजीरावांच्या समाधीचे काय होणार, ही चिंता पुढे पुण्यामुंबईच्या इतिहासप्रेमींनीही व्यक्त केली. २०२० मध्ये राज्य शासनाने या प्रकल्पाचा वीजखरेदी करार रद्द केला. परंतु ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की, समाधी वाचावी असे म्हणणारे दूरचे लोक आणि शेत वाचावे असे म्हणणारे काठावरचे लोक या दोघांचे हित येथे एकच होते. ते एकमेकांना फारसे ओळखत नव्हते, एवढेच. एकाची भाषा मराठी, दुसऱ्याची निमाडी. मधल्या जिल्ह्यांतल्या आपल्यासारख्यांना दोन्ही भाषा येतात. निरोप पोचविण्याचे काम मग दुसरे कोण करणार?

सूर्य मावळताना मंडळी घाटावर बसली होती. नर्मदेचे पात्र येथे रुंद आणि शांत आहे. मला तापी आणि नर्मदा यांच्यामधल्या या पट्ट्याची गंमत वाटत होती. दक्षिण आणि उत्तर यांच्या या उंबरठ्यावर किती मोठमोठी माणसे अडखळून पडली! १६३१ मध्ये शहाजहानची मुमताज बुऱ्हाणपुरास वारली. १६६७ मध्ये शिवछत्रपतींशी पुरंदरचा तह करणारा मिर्झाराजा जयसिंग बुऱ्हाणपुरासच गेला. त्याची छत्री तेथे मोहना नदीकाठी आजही उभी आहे. आणि १७४० मध्ये बाजीराव येथे. खुद्द पेशव्यांच्या सरदारांचेही तसेच. राणोजी शिंद्यांनी १७४५ मध्ये शुजालपूरला देह ठेवला, मल्हाररावांनी १७६६ मध्ये दूर आलमपूरला. उलट, ज्याने दिल्लीचा बादशहा हाताशी धरून उत्तर हिंदुस्थान चालविला तो महादजी शिंदे १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला गेला. पुण्याचा पेशवा निमाडात विसावला आणि उज्जैन-ग्वाल्हेरचा शिंदा पुण्यात! या दोन समाध्या एकत्र मनात आणल्या म्हणजे मराठ्यांचे राज्य केवढ्या अंगाने पसरलेले होते, हे कोणत्याही नकाशापेक्षा स्पष्ट कळते.

परतताना आम्ही चांगला रस्ता धरला. बेडियाच्या मिरचीच्या मंडीवरून जाताना काळोखातही नाकाला ठसका लागला. सनावद, मोरटक्क्याचा पूल, बडवाह, सिमरोळचा घाट करीत मध्यरात्रीच्या सुमारास पलासियाच्या दिव्यांत येऊन पोचलो.

वाचकहो, मुख्याध्यापक म्हणून एक सूचना करून लेख पुरा करतो. आपल्या सीमेवरच्या जिल्ह्यांतल्या शाळांच्या सहली दरवर्षी निघतात. महाराष्ट्राच्या बाजूच्या सहली पुण्याला जातात, शनिवारवाड्यासमोरच्या बाजीरावाच्या अश्वारूढ पुतळ्यापुढे छायाचित्र काढतात. मध्य प्रदेशाच्या बाजूच्या सहली मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर करतात. रावेरखेडी ओंकारेश्वरापासून फार लांब नाही. इंदूरहून सनावदमार्गे सुमारे शंभर किलोमीटर. या रस्त्याने जायला जीप लागत नाही, दोर-फावडीही लागत नाहीत. शाळेची बस पुरते. वाटेत बकावा गावी नर्मदेतल्या दगडांची शिवलिंगे घडविणारे कारागीर मुलांना पाहता येतील. महेश्वराला जोडून गेल्यास पैलतीरावरचे नावडाटोली दाखवावे. १९५२ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. हसमुख सांकळियांनी तेथे उत्खनन करून तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकरी वस्ती उजेडात आणली. पेशव्यांच्या कितीतरी आधी या काठावर माणसे गहू पिकवीत होती, हेही मुलांना कळलेले बरे.

समाधीपाशी गेल्यावर मुलांना भाषण देऊ नये. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला बोलावून त्याच्याकडून त्याच्या बोलीत ऐकावे, आणि मग मुलांनी ते घरी आपल्या आजी-आजोबांना मराठीत सांगावे. सांगताना एखादा शब्द अडेल, एखादा बदलेल. अमाडीची अंबाडी होईल. पण पुढच्या खेपेला कोणी त्यांना बाजीराव कोठे वारले असे विचारले, तर ती मुले जळगावच्या स्टेशनाचे नाव खचितच सांगणार नाहीत.